ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल: शोरूममध्ये बदलावे की घरी?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)
खरिपाच्या मशागतीपूर्वी ट्रॅक्टरचे ऑइल बदलायचे आहे. वॉरंटी शिल्लक आहे. परंतु शोरूम यवतमाळला असल्याने ऐन हंगामातला दिवस आणि डिझेल दोन्ही खर्च होतात. हे काम घरी करावे का?

उत्तर (आर्णी)
वॉरंटी संपेपर्यंत अधिकृत सर्व्हिसच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे; कारण इंजिनात बिघाड झाल्यास ट्रॅक्टर किती तास चालल्यावर सर्व्हिस झाली याची नोंद मागितली जाते आणि ती नसेल तर दावा अडू शकतो. मेकॅनिक शेतावर येईल का, हे आधी फोन करून विचारावे.

उत्तर (पुसद)
सहमत आहे. वॉरंटीनंतर मात्र हे काम अवघड नाही. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन थोडे चालवून बंद केल्यावर ऑइल कोमट असतानाच ड्रेन प्लग (इंजिनाच्या तळाचा, ऑइल काढायचा बोल्ट) काढावा, म्हणजे तळाचा गाळही सोबत निघतो. फिल्टर प्रत्येक वेळी बदलावा, त्याच्या रबरी रिंगला नवे ऑइल लावावे आणि तो हातानेच आवळावा. ऑइलची ग्रेड (घट्टपणाचा प्रकार) ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेलीच घ्यावी. अनेक डिझेल ट्रॅक्टरांना १५डब्ल्यू-४० चालते. आपल्या काळ्या रानात उन्हाळी नांगरणीला धूळ फार उडते, म्हणून एअर क्लीनरही त्याच वेळी साफ करावा; आत गेलेली धूळ पिस्टन आणि लायनर (पिस्टनभोवतीची नळी) झिजवते.

उत्तर (आर्णी)
जुने ऑइल धुऱ्यावर किंवा विहिरीजवळ कृपया ओतू नये. ते झाकणबंद डब्यात साठवून, नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पाठवणाऱ्या वर्कशॉपला द्यावे.