गच्चीवरचा टॉवर आणि आमचा चौथा मजला

प्रश्न: डोंबिवलीत राहते. सोसायटीने भाड्याच्या लोभाने गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवलाय, अगदी आमच्या डोक्यावर. सासूबाईंना झोप येत नाही, त्या टॉवरलाच शिव्या घालतात. घर विकावं का?

उत्तर १: वहिनी, विकू नका. मी अँटेना बसवायची कामं केलीत. टॉर्चच्या झोतासारखी ती लहरी समोर फेकते, खाली फार कमी. समोरच्या इमारतीचा चौथा मजला त्या झोतात येतो का, ते बघा. आपल्याकडे टॉवरच्या लहरींची मर्यादा सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. सरकारच्या 'तरंग संचार' पोर्टलवर टॉवरची माहिती मिळते, शुल्क भरून लहरींची मोजणीही करून घेता येते.

उत्तर २: पण २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अशा लहरींनी कर्करोगाची 'शक्यता आहे' म्हटलंच होतं ना?

उत्तर १: हो, २बी गटात, म्हणजे 'शक्यता आहे, पण पुरावा मर्यादित' अशा गोष्टींच्या यादीत. त्याच गटात कोरफडीचा अर्कही आहे. आणि रेंज कमी असली की कानाजवळचा फोनच जास्त जोर लावतो.

प्रश्नकर्ती: समोर चौथ्या मजल्यावर माझी नणंद राहते. आता तिला काय सांगू? मोजणीच करून घेते. (सासूबाई दुपारी चारला चहा पितात, रात्री परत. तेही बघते.)