मदत हवी आहे: केबल जोडली की ब्लॉक पोर्ट पाच मिनिटांत मूळ जागी जातो, कसं थांबवू?

राम राम मंडळी. घाटंजी तालुक्यात माझं छोटं फायबर नेटवर्क आहे. सहा स्विचची रिंग, ईआरपीएस (जी.८०३२), म्हणजे एक लिंक तुटली की दुसऱ्या बाजूनं वाट देणारी पद्धत. आरपीएल ओनर (एरवी रिंगची एक लिंक बंद ठेवणारा स्विच) पारव्याचा, तो बंद ठेवलेला ब्लॉक पोर्ट तिथंच. अपलिंक (बाहेरच्या इंटरनेटची जोडणी) घाटंजीत.

रिंग तुटली तर गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. त्रास आहे तो जोडल्यावर. रस्त्याच्या कामात जेसीबीनं दोनदा केबल उचकटली, तिथला एक जॉइंट कच्चा राहिला. दुपारी पेटीला हात लाववत नाही इतकी तापते आणि लिंक जाते-येते. सहा-सात मिनिटं टिकते. डब्ल्यूटीआर (लिंक आल्यावर परत फिरण्याआधी थांबायचा वेळ) ५ मिनिटांवर. तेवढं थांबून ओनर आपला पोर्ट पुन्हा ब्लॉक करतो, सगळे स्विच मॅक टेबल (कुठलं यंत्र कुठल्या पोर्टवर याची यादी) पुसतात, आणि मिनिटभरात जॉइंट परत मान टाकतो. काल दुपारभरात लॉगमध्ये २२ नोंदी! अंगठा लावून पैसे काढणाऱ्या म्हातारीचा व्यवहार तिसऱ्यांदा अडकला, तेव्हा केंद्रवाल्या पोरानं फोनवर माझी जी पूजा केली ती इथं लिहीत नाही.

ब्लॉक कायमचा जॉइंटपाशीच ठेवला तर पाचही गावांचा भार एका लिंकवर येतो, रात्री आठला नेट रांगतं. मला दिवसा आहे तिथं राहून पहाटे परत फिरलेलं हवं. पण ओनरवर नॉन-रिव्हर्टिव्हची (आपोआप परत न फिरण्याची) कमांडच घेत नाही.

उत्तर: भाऊ, रिंगचं व्हर्जन पाहा. नॉन-रिव्हर्टिव्ह २०१० च्या दुसऱ्या आवृत्तीत आलं; २००८ च्या पहिलीत ओनर परत फिरणारच. सगळे स्विच २ वर गेले की ओनरवर ते लावा आणि पहाटे ३ ला त्याच ओनरवर क्लिअर (ब्लॉक मूळ जागी न्यायची कमांड) द्या. तोवर डब्ल्यूटीआर १२ करा. मधे लिंक गेली की मोजणी पहिल्यापासून, म्हणजे तुमचा जॉइंट १२ मिनिटं पुरी होऊच देणार नाही. आणि राजेहो, तो जॉइंट नवा मारा आधी!

धागाकर्ता: व्हर्जन १ च निघालं. एक जुना स्विच २ घेत नाही, त्याच्यापायी मीच ओनरही १ वर ठेवला होता, साफ विसरलो. १२ केलं, आज दुपारी एकदाही फिरला नाही. स्प्लायसिंगवाला यवतमाळहून गुरुवारी येतो म्हणतो. मागच्या गुरुवारीही येणार होता.