डॉक्टरांना पद्मश्री चालते, मग त्याच वॉर्डातल्या सिस्टरला काहून नाही?

मेडिकल_चौक (धागाकर्ता)
२५ जानेवारीला पद्म पुरस्कारांची यादी आली की आमच्या घरी आधी 'महाराष्ट्र' शोधतात, मग 'नागपूर'. २०२४ ला मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. चंद्रशेखर मेश्राम होते, २०२५ ला होमिओपॅथीचे डॉ. विलास डांगरे. त्याच्या आधी आपल्या मेडिकलमधून, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून, शिकून गेलेले डॉ. प्रकाश आमटे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग, मेळघाटातले डॉ. रवींद्र कोल्हे. यातलं एकेक नाव वाचताना अभिमानच वाटतो. माझं म्हणणं वेगळं आहे.

माझा भाचा पाच वर्षांचा असताना वरणाचा गंज त्याच्या पायावर सांडला. एकोणीस दिवस एका सरकारी दवाखान्याच्या जळीत वॉर्डात काढले. ड्रेसिंग बदलायची वेळ आली की पोरगं आधीच थरथरायचं. तिथल्या सिस्टर जखमेला चिकटलेल्या जाळीदार कापडावर, म्हणजे गॉजवर, सलाईन ओतायच्या आणि नुसत्या थांबायच्या. गॉज आपोआप सुटेपर्यंत त्याला खिडकीवरची कबुतरं मोजायला लावायच्या. एका रात्री राउंड घेताना त्यांनी त्याच्या पायाच्या बोटांना हाताची मागची बाजू लावून पाहिली. बोटं थंड होती. पट्टी घट्ट झाली होती. त्यांनी तेव्हाच डॉक्टरांना उठवलं आणि पट्टी सैल झाली. आज तो पोरगा फुटबॉल खेळतो. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांचं नाव आहे, सिस्टरचं कुठंच नाही.

यंदा त्यांचं नामांकन भरायचं म्हणून नियम वाचले. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून बाकी सगळे सरकारी नोकर, सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी धरून, पद्म पुरस्कारांना अपात्र. म्हणजे एकाच वॉर्डात, एकाच रात्री, एकाच पेशंटसाठी जागलेल्या दोघांपैकी एक पात्र आणि एक नाही. या नियमात 'परिचारिका' हा एक शब्द वाढवावा, एवढीच माझी मागणी आहे.

महालचा_वाडा
भाऊ, सिस्टरबद्दल पूर्ण आदर ठेवून विरोध करतो. हा नियम उगाच नाही. नोकरीत असलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर सरकारनंच पदक टांगलं, तर तो साहेबांच्या मर्जीत राहायला धडपडेल. मी ३१ वर्षं सरकारी कचेरीत काढली आहेत. साध्या गोपनीय अहवालासाठी माणसं काय काय करतात, ते जवळून पाहिलं आहे. आज परिचारिका घातल्या तर उद्या शिक्षक येतील, परवा वनरक्षक. त्यांनाही नाही कसं म्हणणार? शिवाय परिचारिकांसाठी १९७३ पासून राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार आहे, खुद्द राष्ट्रपती देतात.

मेडिकल_चौक
काका, डॉक्टरांसाठीही डॉ. बी. सी. रॉय पुरस्कार सुरू केलाच होता ना? तो सुरू झाला म्हणून त्यांना पद्मची दारं बंद झाली नाहीत. आणि मर्जी राखायची भीती सरकारी डॉक्टरांच्या बाबतीत काहून वाटत नाही? आणि शिक्षक, वनरक्षक आले तर येऊ द्या ना. मला त्याची भीती वाटत नाही.

अजनी_लोको
एक नाव दोघांच्याही नजरेतून सुटलं आहे. शांती टेरेसा लाक्रा. अंदमानातल्या एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका. लिटल अंदमानच्या डुगाँग क्रीकला ओंगे आदिवासींमध्ये राहून सेवा केली, २००४ च्या त्सुनामीतही तिथंच होत्या. २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली, तीही नोकरीत असताना. म्हणजे मनात आणलं तर रस्ता निघतो.

महालचा_वाडा
मग नियम बदलायचं कारणच उरत नाही. अपवादासाठी वाट मोकळी आहे.

अजनी_लोको
उलट आहे काका. अपवाद कोणाच्या तरी लक्षात आला तर होतो. नियमात शब्द असला की कोणीही साधा माणूस फॉर्म भरू शकतो. मेडिकल_चौक भाऊ नियम वाचूनच थांबले ना? असे किती जण थांबले असतील!

काळा_कोट
मी दोघांच्याही विरोधात आहे. घटनेचं अठरावं कलम किताब नाकारतं. आचार्य कृपलानींनी १९६९ मध्ये हे सन्मान बंद करण्यासाठी लोकसभेत विधेयक आणलं होतं, ते नामंजूर झालं. १९७७ ला जनता सरकारनं पुरस्कार थांबवले, १९८० ला ते परत आले. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वैध ठरवले, पण नावाच्या पुढेमागे लावायचे नाहीत असं स्पष्ट सांगितलं. तरी आपल्याकडे लग्नपत्रिकेपासून चौकातल्या फ्लेक्सपर्यंत 'पद्मश्री अमुक' छापतातच. म्हणजे व्यवहारात तो किताबच झाला. जी उतरंड मुळात नको होती, तिच्यात आणखी एक वर्ग चढवून समता कशी येईल?

नाईट_सिस्टर
मी बावीस वर्षं वॉर्डात आहे. आज नाईट आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

वकीलसाहेब, उतरंड तुमच्या कलमानं मोडली नाही. नातेवाईक मला 'ओ बाई' म्हणतात आणि इंटर्नशिपच्या पोराला 'सर'. त्या पोराला आयव्ही लावायला मी शिकवलेलं असतं. त्यामुळं 'पदक कशाला हवं' हे मला कोणी समजावू नये. हवं आहे.

पण धागा काढणाऱ्या भाऊंनाही सांगते, नियम बदलून अर्धंच काम होईल. नामांकनात जास्तीत जास्त ८०० शब्दांत काम मांडावं लागतं. डॉक्टरांकडे मांडायला शोधनिबंध असतात, शस्त्रक्रियांचे आकडे असतात. आमचं काम ओव्हरच्या वहीत असतं, ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरसाठी लिहितो ती. 'बेड १२, बोटं थंड, डॉ. ना कळवलं, पट्टी सैल केली.' बस. वही भरली की गठ्ठ्यात जाते. कोणत्या समितीला ती दिसणार?

महालचा_वाडा
ताई, तुमचं म्हणणं पटलं. तरी माझं मत तेच आहे, निवृत्तीनंतर द्या. मारुती चितमपल्ली वनखात्यात होते. निवृत्तीनंतर इथं नागपुरात राहून लिहीत राहिले, २०२५ ला पद्मश्री मिळाली. त्यात कोणाला मर्जीचा संशय आला नाही.

मेडिकल_चौक
काका, त्यांना पुरस्कार मिळाला तेव्हा वय ९२ होतं. त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. आणि लेखक निवृत्तीनंतर लिहू शकतो. सिस्टर निवृत्त झाल्या की वॉर्डच सुटतो.

नाईट_सिस्टर
हेच मला म्हणायचं होतं. नाव यायचं असेल तर मी ड्यूटीवर असताना यावं. नव्या पोरी परदेशाची परीक्षा देऊन निघून जातात. त्यांना दिसू तरी द्या.

काळा_कोट
मूळ मत बदलत नाही. पण 'डॉक्टर चालतो, परिचारिका नाही' हा भेद समानतेच्या कसोटीवर कसा टिकतो, हा प्रश्न गृह मंत्रालयाला रीतसर विचारायला हवा. पत्राचा मसुदा मी करून देतो, पैसे नकोत.

मेडिकल_चौक
वकीलसाहेब, आभार. सिस्टरना काल फोन केला. त्या पुढच्या मे महिन्यात निवृत्त होताहेत. मी मंत्रालयाला पत्रही पाठवतो आणि नामांकनाचा मजकूरही आत्ताच लिहायला घेतो, मग नियम बदलो न बदलो. माझ्याकडे फक्त एका पोराच्या एकोणीस दिवसांची हकिकत आहे, ८०० शब्दांना ती पुरत नाही. नागपुरात सरकारी जळीत वॉर्डात ज्यांचं माणूस राहिलं, त्यांनी मला निरोप करा. साल, महिना, बेड नंबर, आणि सिस्टरनी नेमकं काय केलं, जे आठवेल ते सांगा. कबुतरांचं आठवत असेल तर तेही सांगा.