केशकर्तनाच्या व्यवसायात बोटांच्या बेचक्यात होणारी जखम

प्रश्न : दिवसभर केस कापताना बारीक टोकदार केस बोटांच्या बेचक्यात रुततात. आता तिथे लहानसे छिद्र पडून पाणी येत आहे. हा साधा चिखल्यांचा प्रकार आहे का?

उत्तर १ : तसे वाटत नाही. कापलेला केस त्वचेत शिरून आत नळीसारखी पोकळी करतो, आणि हा विकार नाभिकांमध्ये परिचित आहे. केस स्वतः उपसू नका, शल्यचिकित्सकांना दाखवा. पुढे प्रत्येक ग्राहकानंतर बेचके धुऊन पूर्ण कोरडे करावे. नुसते पुसून भागत नाही.

उत्तर २ : उघड्या जखमेमुळे रक्तातून पसरणाऱ्या संसर्गाचाही धोका वाढतो. हेपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरू शकतो, त्यामुळे वस्तऱ्याचे पाते दर ग्राहकाला नवे हवेच, शिवाय लसही घ्यावी, जिचे सहसा ०, १ आणि ६ महिन्यांनी असे ३ डोस असतात.

उत्तर ३ : कलप लावताना नायट्राइलचे (एक प्रकारच्या कृत्रिम रबराचे) हातमोजे घाला, कलपातील पीपीडी या रसायनाची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. जखम भरेपर्यंत दाढीची कामे सहकाऱ्याकडे सोपवतो.