टॉर्च तर प्रत्येक दवाखान्यात असतो

"खेड्यातल्या डॉक्टरकडं मशीन नाही, त्याला कॅन्सर लवकर कसा कळणार?" असं एकानं विचारलंय. तोंडाच्या कॅन्सरपुरतं तरी हे पटत नाही, तिथं टॉर्च अन् बोट पुरतं. आमचे काका अंबाजोगाईजवळच्या खेड्यात राहतात, तंबाखू-चुना जन्माचा. गालाला आतून जखम झाली, तर दोन दवाखान्यांत मिळून तीन महिने बी-कॉम्प्लेक्स अन् लावायचं जेल. 'आ करा' असं कुणी म्हटलंच नाही! शेवटी हलणारा दात काढायला गेले, तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी गालावरून बोट फिरवलं, कडक लागलं. दात राहू द्या म्हणाल्या आणि जखमेचा तुकडा तपासायला त्याच दिवशी संभाजीनगरची चिठ्ठी दिली.

त्यांचा हिशोब साधा होता. तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तोंडात उभी तीन बोटं न जाणं (गुटखा खाणाऱ्या पोरांत हे फार), यातलं काहीही दिसलं की मलम बंद, पुढं पाठवा. दुखण्याची वाट बघायची नाही, सुरुवातीला ते बहुधा दुखतच नाही. काका त्याच भरवशावर पेरणी उरकेस्तोवर थांबले होते.