कृष्णधवल पोर्ट्रेट: ठरवून काढायचं की नंतर करायचं?

गिरगावकर
फसलेला रंगीत फोटो कृष्णधवल करून वाचवायची सवय फार बोकाळली आहे. भर उन्हात माणूस उभा करायचा, डोळ्यांखाली काळे खड्डे पडले की रंग काढून टाकायचे. पण त्याने उन्हाचा दोष जात नाही, उलट उठून दिसतो. चित्रात आता उजेड आणि सावलीच उरलेली असते.

कृष्णधवल हवं असेल तर घरातून निघतानाच ठरवा आणि उजेड शोधा. मुंबईत मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य साडेबारा-पाऊणला थेट डोक्यावर असतो. त्या वेळी मरीन ड्राइव्हचा कठडा सोडा, फोर्टात दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखाली या. वरचं ऊन अडतं, रस्त्यावरून परतलेला उजेड चेहऱ्याच्या एकाच बाजूला पडतो. माणसाला पाऊलभर आत घ्या, सावली गडद होते; बाहेर आणा, निवळते. असा उजेड स्टुडिओत पैसे मोजून उभा करतात.

मीठागर
साफ असहमत. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने काहीही संस्कार न केलेल्या मूळ फाइलमध्ये, सगळे रंग शाबूत असतात, मग निर्णय आधीच का बांधून घ्यायचा? फिल्मवर फोटो काढणारेसुद्धा अर्धं काम डार्करूममध्ये, फोटो धुताना-छापतानाच करत. समोर माणूस असताना त्याच्याशी बोलावं, मनात राखाडी छटा मोजत बसू नये.

अंजिरी
तुमच्या वादात चेहऱ्याचा रंग कुठेच आला नाही. एका फोटोग्राफरने आमच्या आजीचा फोटो बाणगंगेच्या पायऱ्यांवर काढला. रंगीत छान होता. कृष्णधवल करताना 'उजळ' दिसावी म्हणून त्याने संगणकावर लाल रंगाचा उजळपणा कमी-जास्त करणारा स्लायडर वर नेला. सावळी त्वचा फिकी पडली आणि कपाळावरचं कुंकू त्वचेतच मिसळून गेलं. आजीने फोटो हातात घेतला आणि विचारलं, "माझं कुंकू कुठंय?" लेन्ससमोर लाल फिल्टर, म्हणजे लाल काच, लावली तरी हेच होतं: लाल ते सगळं उजळतं, ओठसुद्धा. पिवळट-हिरव्या फिल्टरने कुंकू गडद होऊन ठसठशीत राहतं. सावळ्या माणसाला गोरं करण्यासाठी कृष्णधवल वापरणं मला अपमानास्पद वाटतं.

मीठागर
अंजिरीताई, आजींचं वाईट वाटलं. पण हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. रॉ फाइल असेल तर तोच फोटो आज उघडा, लाल खाली आणा, कुंकू परत येईल. फिल्मवर लाल फिल्टर लावून काढला असता तर ते कायमचं गेलं असतं.

गिरणगावची पोर
मुळात कृष्णधवल हवंय कशाला? ससून डॉकवरच्या कोळणीची हिरवी-जांभळी साडी, केसातला अबोलीचा गजरा, हे काढून टाकलं की उरतात सुरकुत्या, आणि मग लोक म्हणतात 'किती कष्टाळू चेहरा'. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, त्यांच्या काळात वर्तमानपत्रं कृष्णधवलच छापत. आज आपल्यावर ती सक्ती नाही.

गिरगावकर
@मीठागर, कुंकवाबाबत मान्य, रंग नंतर हलवता येतात. उजेडाची दिशा मात्र कुठल्याच स्लायडरने हलत नाही, आणि माझा मुद्दा तोच आहे. कॅमेऱ्याचा पडदा मोनोक्रोमवर ठेवा, फाइल रॉ ठेवा. काढतानाच सावली दिसेल, आणि रंगही हातात राहतील.

@गिरणगावची पोर, सुरकुत्यांसाठी काढत असतील तर तुमचं खरंच आहे. पण पावसाळ्यात ढगाळ आभाळाखाली त्याच कोळणीचा चेहरा मऊ, भरलेला दिसतो, तिची नजर आधी दिसते. तेव्हा मी रंग सोडेन.

गिरणगावची पोर
तिला विचारून सोडा. मी विचारलेल्या बायकांना रंगीतच हवा होता.

अंजिरी
+१. आणि मीटरिंग, म्हणजे कॅमेऱ्याने उजेड मोजणं, चेहऱ्यावर करा. पांढऱ्या आभाळासमोर कॅमेरा सगळं मधल्या राखाडीकडे ओढतो, सावळा चेहरा काळाकुट्ट होतो. मग घरी जाऊन तोच उजळत बसतात.