भीतीने पहिलं पाऊल, पुढे काय?

नोटांवरून विषाणू पसरेल या भीतीनेच लोक डिजिटल व्यवहारांकडे वळले, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. कार्ड काढलं तरी पिनसाठी सगळ्यांनी दाबलेलीच बटणं दाबावी लागतात की! म्हणूनच कोविडकाळात अनेक देशांनी बिनापिन व्यवहाराची मर्यादा वाढवली. लोक बँक खाती आणि डिजिटल व्यवहार किती वापरतात हे पाहणारा जागतिक बँकेचा २०२१ चा फिन्डेक्स अहवाल सांगतो, की चीन वगळता अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत विक्रेत्यांना डिजिटल पैसे देणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांनी ते महामारीतच पहिल्यांदा दिले. मला खरी काळजी वाटते ती चष्मा शोधेपर्यंत ओटीपीची मुदत संपणाऱ्या ज्येष्ठांची. त्यांना शेजारी बसून कुणी शिकवलंच नाही. उलट मदत म्हणून त्यांच्या हातातला फोन घेऊन इतरांनीच परस्पर पैसे भरून टाकले.